गाईचा एक दिवस

शेजारच्या सुशीलाकाकूंची गाय सकाळपासून हंबरत होती. “माजावर आलीय,” काकू म्हणाल्या. “आज डॉक्टर आले नाहीत, तर पुन्हा एकवीस दिवस थांबायचं.” डॉक्टर आले आणि बैलाचं काम इंजेक्शनने उरकून गेले. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात डोकावले, तर गाय निवांत रवंथ करत बसलेली. काल हंबरणारी ती नव्हेच जणू.

मला तिचा थोडा हेवा वाटला. तीन आठवड्यांत एक दिवस ओढीचा, बाकीचे चाऱ्याचे. माणसाला असा ठरलेला दिवसच नाही, आपलं बारा महिने चालूच. वासरू तासाभरात उभं राहतं. आपलं पोर मात्र वर्षानुवर्षं कडेवर. म्हणूनच निसर्गाने त्याच्या आईबापांना रोज एकमेकांकडे वळवायची सोय केली असावी.

मी काकूंपाशी ओसरीवर येऊन बसले, एवढ्यात साठीतले काका कडबा टाकून आले. हात धुताना त्यांनी उगाचच काकूंच्या मानेवर पाणी उडवलं. “अहो, कुणी बसलंय इथं!” काकू करवादल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

त्यांची पोरं केव्हाच मोठी होऊन पुण्याला गेली. निसर्गाला ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.