चंपाक्काची घळ

माझी धाकटी बहीण चंपा बंगळूरच्या एका टेलिफोन कारखान्यात तारा जोडायचं काम करायची. कारखान्यात सगळे तिला चंपाक्का म्हणत, वयानं मोठे असलेलेसुद्धा. रविवार आला की तिला डोंगर लागायचा. कारखान्याच्या गिर्यारोहण मंडळाबरोबर तिनं सावनदुर्ग, शिवगंगे, रामनगरचे खडक सगळं पालथं घातलं. पण सगळीकडे पुढे चालायचे ते मंडळाचे प्रमुख पद्माकर. चंपा मागून, चपात्यांचा डबा सांभाळत.

१९९६ साली तिच्या मनात घळ भरली. आंध्रातल्या रायलसीमेत एका लग्नाला जाताना तिनं ती वरून पाहिली होती. उजाड माळ मधोमध चिरल्यासारखा, तळाशी कोरडी नदी, दोन्ही अंगांना उभे तांबडे कडे. आत काही ठिकाणी हात पसरले की दोन्ही भिंती हाताला लागतात, असं तिथल्या धनगरानं सांगितलं. आरपार जायला चार दिवस, आणि प्यायला थेंब नाही.

मंडळात तिनं विषय काढला तेव्हा मी तिला घ्यायला गेलो होतो, दाराशी उभा होतो.

"अक्का, ती लालबागेतली फेरी नव्हे," पद्माकर म्हणाले.

"म्हणून तर जायचं."

"आणि पुढे कोण चालणार?"

"मी."

हशा पिकला. पद्माकरही हसले, पण माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "सरी, ठीक आहे. योजना करा, दिवाळीआधीच्या बैठकीत मांडा. तीत एक जरी भोक निघालं तरी मोहीम रद्द, आणि पुन्हा पुढे चालायचं नाव काढायचं नाही."

"नाही निघालं तर?"

"तर मी तुमच्या मागून चालेन. डबा घेऊन."

मग आमच्या घरात दुसरा विषयच राहिला नाही. ती मला ओढून दोनदा त्या माळावर घेऊन गेली. कड्याच्या वर दोन वस्त्या होत्या. तिथल्या माणसांनी संध्याकाळी दोरानं पाण्याच्या घागरी खाली सोडायच्या, असं तिनं पक्कं केलं. तिला तेलुगू येत नव्हतं, त्यांना कन्नड अर्धंमुर्धं कळायचं, पण दोन्हीकडून हात भरपूर हलत होते.

मंडळाच्या पाठीवरच्या पिशव्या मात्र रुंद, लोखंडी चौकटीच्या. गवीपुरमला आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एक सांदी आहे, आडवं होऊनच जाता येतं. चंपानं एका रविवारी सगळ्यांना पिशव्या चढवून त्या सांदीतून चालायला लावलं. मंडळातला देवाप्पा मध्येच अडकला. शेजारच्या अंबुबाई खिडकीतून म्हणाल्या, "अगं, याच्यापेक्षा चोर बरे, न अडकता जातात तरी!" त्यानंतर चंपानं तंबूच्या कापडाच्या लांबट, अरुंद पिशव्या शिवल्या. अगदीच चिंचोळं आलं तर दोरी बांधून मागे ओढता येतील अशा. देवाप्पा सुटला.

तारीख ठरली दिवाळीनंतरच्या आठवड्याची. त्यावर कुणी चर्चाही केली नाही. आमच्या स्वयंपाकघरात कोल्हापूरहून आलेलं पंचांग टांगलेलं असतं. त्यात स्वाती नक्षत्र संपलं की पाऊस संपला. आमची मराठी घराणी तीनशे वर्षं बंगळुरात आहेत, तरी स्वातीनंतर आमच्यात कुणी छत्री घेऊन बाहेर पडत नाही.

बैठकीला दोन दिवस होते. आईनं भाजणीसाठी धुतलेले तांदूळ आणि डाळी गच्चीवर वाळत घातल्या होत्या. दुपारी धो धो पाऊस आला. आम्ही तिघंही सुपं उचलत धावलो.

"मेला अवकाळी पाऊस," आई म्हणाली. "दरवर्षी माझी भाजणी भिजवतो."

चंपा सूप हातात धरून भिजत उभीच राहिली. "आई, दरवर्षी येतो तो अवकाळी कसा?"

आई म्हणाली, "पंचांगात नाही म्हणून."

चंपा खाली आली ती जमिनीवरच बसली. या दिवसांतला पाऊस आमच्या कोल्हापुरी पंचांगातला नसला तरी इथला होता, आणि रायलसीमेकडेही तो दरवर्षी पडतो. वर माळावर तो पडला असता तर सगळं पाणी त्या चिरेतून धावलं असतं, आणि आत वर चढायला जागा नव्हती.

मी म्हटलं, "बैठकीत बोलू नकोस. मंजूर होऊ दे, मग रजेचं काहीतरी सांगून पुढे ढकल."

"अण्णा, तसं करायचं तर मी पुढे कशाला चालू?"

बैठकीत ती आधी तेच बोलली. "तारीख चुकली. माझी चूक. त्या तारखेला गेलो असतो तर वाहून गेलो असतो. जानेवारीत जायचं."

पद्माकर म्हणाले, "म्हणजे भोक निघालं."

"निघालं. पण तुम्हाला नाही सापडलं, मला सापडलं."

देवाप्पा मागून म्हणाला, "सर, तुम्ही तर त्याच आठवड्याची रजासुद्धा टाकलीत!"

या वेळचा हशा पद्माकरांच्या वाट्याचा होता. ते बेळगावचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आमच्या घरीही त्याला अवकाळीच म्हणतात," ते हळूच म्हणाले. मग, "जानेवारीत रात्री थंडी असेल. पांघरुणाचं ओझं धरलंय का?"

चंपा म्हणाली, "धरलंय." म्हणजे मोहीम रद्द नव्हती.

जानेवारीत मी लॉरी घेऊन घळीच्या खालच्या तोंडाशी थांबलो होतो. चौथ्या दिवशी उन्हं कलताना आतून बोलणं ऐकू आलं. सगळ्यांत पुढे चंपा, मग देवाप्पा, मग बाकीचे, तांबड्या धुळीनं सगळे एकाच चेहऱ्याचे. कुणी लंगडत नव्हतं, कुणी कमी नव्हतं. देवाप्पानं आल्या आल्या सांगितलं, की सर्वांत अरुंद जागी त्यांच्या डोक्यावर, हात पुरणार नाही इतक्या उंचीवर, एक अख्खं झाड आडवं अडकलेलं होतं. दिवाळीनंतरच्या पुरानं आणलेलं. त्याच्याखालून सगळे वर बघत गेले म्हणे.

लॉरीवाल्यानं पांढऱ्या केसांचे म्हणून पद्माकरांना विचारलं, "सार, आता कुठं?"

पद्माकरांच्या हातात रिकामा डबा होता. "मला नको विचारू," ते म्हणाले. "लीडर त्या."

चंपा तोंडावरची धूळ पदरानं पुसत होती. "आधी चहा," ती म्हणाली, आणि पुढच्या सीटवर चढून बसली.