धाकटीने चालू सर्व्हर बंद केला

माझ्या भावाची धाकटी सून दवाखान्यातला सर्व्हर सांभाळते. पोरगी गुणाची, पण चूक कबूल करणं तिच्या जिवावर येतं. भाजी खारट झाली तर दोष चमच्याचा.

नव्या सर्व्हरवर पेशंटच्या नोंदींचा डेटाबेस चालू होईना, तेव्हा ती घरी डोकं धरून बसली होती. सासूने विचारलं, काय झालं?

"आई, डेटाबेसच्या सगळ्या कामांना मिळून एक सामाईक ओटा लागतो. त्याला शेअर्ड मेमरी म्हणतात. तो केवढा द्यायचा याची मर्यादा मशीनने घातलेली असते. आमचं मशीन भारी कंजूष आहे."

"मग वाढव की मर्यादा! माझं डोकं कशाला खातेस?"

वाढवली. डेटाबेस चालू झाला, सूनबाईंची कॉलर ताठ. पण हा नवा आकडा सेटिंगच्या फाइलमध्येही लिहावा लागतो, नाहीतर मशीन बंद पडलं की ते सगळं विसरतं. तेवढं राहून गेलं. आठ महिने मशीन बंदच झालं नाही, म्हणून झाकली मूठ.

परवा सकाळी वायरमनने इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बदलायला सर्व्हरची वीज घालवली. वीज आली, मशीन आलं, डेटाबेस अडून बसला. बाहेर केसपेपरसाठी ही रांग! आणि सर्व्हर हिच्याकडे ठेवायचा की बाहेरच्या कंपनीला द्यायचा, हे दवाखान्याचे मोठे साहेब नेमकं त्याच दिवशी ठरवणार होते; कंपनीचा माणूसही येऊन बसला होता. मी रांगेतच होतो. गुडघेदुखी विसरून सर्व्हरच्या खोलीपाशी पोहोचलो.

दहा मिनिटांत तिने डेटाबेस उभा केला. साहेब दारात. "कुणामुळे झालं हे?"

वायरमन मान खाली घालून उभा. आयता बकरा! धाकटीने त्याच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"माझ्यामुळे. फाइलमध्ये लिहायचं राहिलं होतं."

"आता लिहिलंत?"

"हो."

"कशावरून?"

धाकटीने खिडकीतून रांगेला हात जोडले, "पाच मिनिटं हं," आणि चालू मशीन स्वतःच्या हाताने बंद केलं. रांगेने तिचा जो उद्धार केला तो छापण्यासारखा नाही. एक आजी तर म्हणाल्या, "चांगलं चाललेलं बघवत नाही मेलीला!"

मशीन आलं. चालू करायचं बटण दाबल्यावर तिने आणखी कशालाही बोट लावलं नाही. डेटाबेस आपणहून चालू झाला.

"त्या कंपनीवाल्याला चहा पाजून वाटेला लावा," साहेब शिपायाला म्हणाले.

वायरमन खाकरला. "ताई, अजून एक बॅटरी बाकी आहे. परत वीज घालवावी लागेल."

"खुशाल घालवा, दादा. फक्त आधी त्या आजींना केसपेपर मिळू दे."