अकराव्या पानावरचा शिक्का

आगाशीतल्या आमच्या वाचनालयात मी दर रविवारी लहान मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवते. पगार शून्य. पण किस्से इतके साठलेत, की त्यांच्यासाठी वेगळं कपाट मागावं लागेल. आणि मागितलं, तर कमिटी आधी विचारणार, "त्याला कुलूप आहे का?"

कमिटी म्हणजे आमचे अध्यक्ष भाऊकाका. बाकीचे मान हलवतात. नियम असा, की नवं पुस्तक आधी भाऊकाका वाचणार. पसंत पडलं, तर अकराव्या पानावर वाचनालयाचा गोल, जांभळा शिक्का मारणार. शिक्का नाही, तर पुस्तक दुकानात परत.

मला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "वार्षिक सभेपर्यंत बघू. नाहीतर तुझी सतरंजी गुंडाळायची. पेपर वाचणाऱ्यांना जागा पुरत नाही."

पेपर वाचणारे कोण? स्वतः भाऊकाका!

*

माझ्या सतरंजीवर भुईगावच्या वाडीतली पोरं येतात, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली येतात. चंदनसारची रिया तर घरी हिंदीच बोलते. प्रत्येकाची भाषा वेगळी. म्हणून मी मुद्दाम एक बिनशब्दांचं पुस्तक आणलं. एक बकरी ढगावर चढते, एवढीच गोष्ट. सगळी चित्रांत.

भाऊकाकांनी ते पुढून मागे चाळलं, मग मागून पुढे.

"अगं, छापायचं राहिलंय. बदलून आण."

"काका, यात शब्द नसतातच. गोष्ट मुलं सांगतात."

"गोष्ट मुलं सांगणार, तर मग तू कशाला?"

शिक्का काही मिळाला नाही. मी पण हट्टी. दुकानात परत न देता बकरी बॅगेत ठेवली आणि दर रविवारी गुपचूप वाचू लागले.

*

झोपाळू अस्वलाचं पुस्तक मात्र पास झालं. जंगलातले सगळे प्राणी त्याला उठवायला येतात आणि शेवटी त्याच्याच कुशीत झोपून जातात. मी शेवटचं पान उलटलं, तर खाली निळ्या बॉलपेनने सुबक अक्षरांत लिहिलेलं – "तात्पर्य : लवकर उठावे."

मी तणतणत गेले. "काका, हे काय?"

"लेखक विसरला होता," भाऊकाका शांतपणे म्हणाले.

*

आमच्या कमिटीत फिलोमिना टीचर आहेत. शाळेतून रिटायर झाल्या, पण शाळा त्यांच्यातून रिटायर झाली नाही. एका रविवारी मला ताप होता, तर त्या म्हणाल्या, "मी घेते गं मुलांना. तू झोप."

पुढच्या रविवारी तक्रार आली. "तुझी मुलं मठ्ठ आहेत. वाघ कसा ओरडतो विचारलं, तर एकानेही तोंड उघडलं नाही!"

मी रियाला बाजूला घेऊन विचारलं, "का गं? तुला तर येतं ना?"

"आता है ना, ताई. पण टीचर बोलल्या होत्या, हाताची घडी, तोंडावर बोट!"

*

मग एकदा मी हौसेने माशाचं पुस्तक आणलं. गुळगुळीत कागद, शिक्काही लगेच मिळाला. पहिल्या पानावर हसरा मासा, लांब पापण्या, गुलाबी डोळे. मी पुस्तक उंच धरलं.

अर्नाळ्याच्या जेनीची आजी बाजारात मासळी विकते. जेनी चार वर्षांची. ती उठली, जवळ आली, माशाच्या पोटावर बोट दाबून बघितलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, याचा डोला लाल हाय. शिळा हाय. घेऊ नको."

पेपरामागून भाऊकाकांचा आवाज आला, "मला तेव्हाच वास आला होता!"

*

आता शिक्क्याचं. जाड पुस्तकात तो बिचारा कोपऱ्यात बसतो. चित्रांच्या पुस्तकात पान भरून चित्र असतं, आणि भाऊकाकांचा नियम पक्का. त्यामुळे आमच्याकडे हत्तीच्या कपाळावर शिक्का आहे, नवरीच्या गालावर आहे. आंघोळीच्या पुस्तकात टबमधून पळणारं नागडं बाळ नेमकं अकराव्या पानावर होतं. तिथे शिक्का कुठे बसला, ते सांगायला नको!

"काका, हे तुम्ही मुद्दाम केलंत!"

"नियम पाळला. वर अब्रूही झाकली."

मला इतका राग आला! आणि पोरांनी काय करावं? प्रत्येक पुस्तकात आधी "आजोबांचा गोल" शोधायचा, असा खेळच काढला. गोल सापडला की टाळ्या. वाघ, अस्वल, मी, सगळे त्यानंतर!

*

वार्षिक सभेच्या दिवशी जागा नव्हती, म्हणून मुलांना मागे सतरंजीवर बसवलं. गप्प राहावीत म्हणून बॅगेतली बकरी पहिल्यांदाच त्यांच्या हातात दिली.

सचिवांनी वाचलं, "पुढील विषय. बालविभाग बंद करून त्या जागी वाचकांसाठी खुर्च्या ठेवणे."

मी बोलायला उभी राहिले. काय काय बोलायचं ते पाठ करून आले होते. तेवढ्यात रिया पुस्तक छातीशी धरून, खुर्च्यांमधून वाट काढत थेट अध्यक्षांच्या टेबलापाशी गेली. डोळे भरलेले.

"आजोबा, इसमें तुमचा गोल नाहीये. हरवला."

भाऊकाकांनी पुस्तक घेतलं. बकरी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

त्यांनी बोटाला थुंकी लावून एकेक पान मोजलं, कारण त्या पुस्तकात पानांचे आकडेही नव्हते. अकरावं पान आलं. सगळं निळं आकाश, एक ढग आणि बकरी. त्यांनी ड्रॉवर उघडला, शिक्का काढला, पॅडवर दोनदा दाबला.

"कुठे मारू?"

"इधर. ऊपर."

"तिथे नको, शिंगाला लागेल तिच्या. जरा बाजूला मारतो."

सचिव खाकरले. "भाऊ, ते पुस्तक नामंजूर आहे. आणि विषय चालू आहे. बंद करायचं ना?"

भाऊकाका पानावर फुंकर घालत होते.

"उघडंच राहू दे. शाई ओली आहे!"