बाहेर बसा, मावशी

औरंगपुऱ्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं समुपदेशन केंद्र आहे. घरात मार खाल्लेल्या बायका तिथं येतात, मी त्यांचं ऐकते आणि कोर्टासाठी अहवाल लिहिते. चौदा वर्षांनंतर बाई जिना चढताना बघूनच मला तिची गोष्ट कळते, असा माझा समज होता. समज कसला, माजच तो.

गेल्या वर्षी चितेगावहून एक सून आली, सोबत तिची सासू. सुनेच्या गळ्यावर बोटांचे वळ होते. म्हातारीनं दारातच "जय भीम" घातला. मी फाइलमधून मान वर न काढता "हं, बसा" म्हटलं. ही सासू आहे हे कळल्यावर तेवढंही मागं घेतलं. "तुम्ही बाहेर बसा, मावशी."

बाईशी एकटीशी बोलावं हा आमचा नियम आहे आणि तो चांगलाच आहे. पण तो कशासाठी, हे मी म्हातारीला सांगितलं नाही. नंतर तिला आत बोलावलंही नाही. आमच्या पैठणकडच्या घरी तिच्या समाजातल्या माणसांना ओसरी चढू देत नसत. "बाहेर बसा" हे शब्द मी लहानपणापासून ऐकले होते. तिनंही ऐकले असणार, पायरीखाली उभं राहून. मला त्या वेळी हे सुचलंसुद्धा नाही, कारण मला सासवांचा राग होता. माझ्या सासूनं बाळंतपणात मला उपाशी ठेवलं होतं. ती वारली, पण राग राहिला, आणि तो मी येईल त्या सासूवर काढत होते.

सून नवऱ्याबद्दल तुटक तुटक बोलली. सारखी दाराकडं बघत होती. "सासूपण छळते ना?" मी विचारलं. तिनं पुन्हा दाराकडं पाहिलं. घाबरून बोलत नाही, हे मीच ठरवलं आणि त्रास देणाऱ्यांच्या रकान्यात नवऱ्याखाली सासूचं नाव लिहिलं. अहवाल वाचून दाखवायला हवा होता. बाहेर तीन बायका ताटकळत होत्या, म्हणून फक्त सहीची जागा दाखवली.

त्याच दुपारी तिला निवारागृहात पोचवलं. म्हातारी एकटीच एसटीनं परत गेली. मला कोण समाधान वाटलं!

महिन्याभरानं कोर्टाची नोटीस चितेगावला पोचली, मायलेक दोघांच्याही नावानं. लेकानं ती आईला मोठ्यानं वाचून दाखवली. "बघ, तुझ्या लाडक्या सुनेनं तुझं नाव घातलं." शेजारणीनं हे सुनेला फोनवर सांगितलं. "मी तसं बोललेच नाय. मला आईंना तोंडानं सांगायचंय," म्हणत ती निवारागृहातून निघाली. मी आडवी गेले, समजावलं, भीतीही घातली. ती थांबली नाही.

आठवड्यानं मी चितेगावला गेले. नवरा कंपनीत पाळीला गेला होता. सून एका हातानं भांडी घासत होती. दुसरा प्लास्टरमध्ये होता. म्हातारीनं मला खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली. मी माफी मागितली.

"माफीचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्या दिवशी मी कशाला आलते, ठावं हाय का? पोटच्या पोराविरुद्ध साक्ष द्यायला. त्यानं हिचा गळा धरला तवा मीच सोडवली. आठ दिस मन घट्ट करून आलते, म्याडम. तुम्ही एक शब्द इचारला नाय."

"आता द्याल?" विचारताना मला माझीच लाज वाटली.

"आता कशी देऊ? मी बोलले तर संध्याकाळी मार हीच खाईल."

मी पुन्हा निवारागृहाचं नाव काढलं. सुनेनं भांडं खाली ठेवलं. "आई संगं येत असतील तर येते. त्यांना ह्याच्या हातात सोडून नाय येणार."

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. तक्रारीत जिच्यावर आरोप आहे, तिला निवारागृहात घेत नाहीत. हे त्या दोघींना मलाच सांगावं लागलं.

नाव कमी करायचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी दिला. त्यावर तारखा पडतायत. त्या दोघी अजून त्याच घरात आहेत.