उणे ऐंशीतल्या लक्ष्मीदेवी

लक्ष्मीदेवींच्या अस्थी श्रीरंगपट्टणला कावेरीत गेल्या, साड्या नातलगांत. बाकी ज्या काही उरल्या होत्या त्या प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये, उणे ऐंशी अंशांत होत्या, असं त्यांचे यजमान गुरुराव यांचं मत होतं. चामराजपुरमात, आपल्या गल्लीत, त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिथले लोक आधीच त्यांच्या हातचा चहा विचार करून पीत.

गुरुराव म्हैसूरच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. काम फ्लूचे नमुने तपासण्याचं. २०१५च्या स्वाइन फ्लूच्या लाटेत बायकोच्या घशातला नमुनाही त्यांच्याच टेबलावर आला. ‘‘टेस्ट तुम्हीच करणार न्हवे?’’ खाटेवरून, दोन खोकल्यांच्या मधल्या फटीत, लक्ष्मीदेवी म्हणाल्या होत्या. ‘‘बरोबर करा री. घरची म्हणून पास करू नका.’’ त्यांनी बरोबर केली. पडद्यावरची रेघ लवकर वर चढली, म्हणजे विषाणू भरपूर, आणि त्याच आठवड्यात त्या गेल्या.

उरलेला नमुना नष्ट करायचा, असा नियम आहे. गुरुराव नव्या लोकांना तो नियम शिकवत. हा एक नमुना मात्र त्यांनी ठेवून घेतला. त्यामागे विज्ञान होतं. फ्लूचा विषाणू पेशीतून निघताना तिचाच पापुद्रा पांघरून निघतो. आत त्याचा सगळा संसार, आरएनएचे आठ तुकडे. वरचं पांघरूण मात्र ज्याच्या घशातून निघाला त्याचं. म्हणजे कुपीत लक्ष्मीदेवीच होत्या, फार बारीक प्रमाणात.

मग फ्रीजर खोकू लागला. कॉम्प्रेसर जुना. चालू होताना कोरडं, दोनदा, थांबून पुन्हा एकदा. बाकीच्यांनी मेकॅनिकला फोन केला. गुरुराव स्टूल ओढून जवळ बसू लागले.

पण फ्रीजरच बंद पडला तर? गुरुरावांचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबांकडे निळीचा रांजण असे. आंबवलेली नीळ, जिवंत. जुना रांजण थकला की त्यातला तळचा गाळ नव्यात घालायचा, विरजणासारखा. रांजण मरू द्यायचा नाही, एवढा एकच धर्म त्या घरात कडक पाळला जाई. गुरुरावांनी तोच पाळला. दरवर्षी श्राद्धाच्या सुमारास कुपीतला थेंब कोंबडीच्या फलित अंड्यात वाढवायचा आणि नवी कुपी भरायची. पहिल्याच वर्षी मूळची कुपी संपली. लोक त्या दिवशी कावळ्याची वाट बघतात. हे अंड्यापाशी बसत.

यंदा नवा फ्रीजर आला, आणि जुने नमुने काढून टाकायचा हुकूमही. कुपी यशस्विनीच्या हाती लागली. ही तिथली तरुण शास्त्रज्ञ. जुन्या म्हैसूर पलटणीतल्या मराठ्यांची मुलगी. टाकण्याआधी तिनं आठही तुकड्यांचा क्रम वाचला आणि कुपीवरच्या नंबराखाली संगणकात असलेल्या जुन्या क्रमाशी ताडला. लक्ष्मीदेवींचा मूळ नमुना त्या गेल्या त्याच साली वाचला गेला होता.

‘‘मामा, ही कुपी कुणाची?’’

‘‘आमच्या घरच्यांची.’’

तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. ‘‘अय्यो मामा, हे त्यांचं नाही आता. फुल्ल बदललंय. माणसाच्या घशाला नीट धरतच नाही. अंड्यालाच धरतंय.’’

विषाणू स्वतःच्या नकला काढतो, पण शुद्धिपत्र काढायची पद्धत त्याच्याकडे नाही. अंड्यात ज्या चुका कामाला आल्या, त्या राहिल्या.

‘‘आणि पांघरूण?’’

‘‘पहिल्या अंड्यातच कोंबडीचं झालं की. तुम्हीच शिकवलंय आम्हाला.’’

‘‘शिकवलं खरं.’’ गुरुरावांनी चष्मा पुसला. ‘‘म्हणजे इतकी वर्षं मी सुम्ने, उगीचच, कोंबडीचं श्राद्ध घातलं म्हण.’’

यशस्विनी हसली नाही.

‘‘मग ती कुठाय?’’ गुरुरावांनी विचारलं.

तिला हा प्रश्न विज्ञानाचा वाटला. ‘‘त्या वेळी जो व्हायरस होता, त्याचीच पिलावळ अजून फिरतेय ना, मामा. बदलत बदलत. गावभर.’’

कुपी गुरुरावांनी स्वतःच्या हातानं ऑटोक्लेव्हमध्ये, जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात, ठेवली आणि झाकण आवळलं. वाफ भरत असताना मागे अजून न हलवलेला जुना फ्रीजर खोकला. ते वळले नाहीत.

संध्याकाळी ते सरस्वतीपुरमला, मुलीकडे, निघाले. बसमध्ये एक म्हातारा चढला. कोरडं खोकला, दोनदा, थांबून पुन्हा एकदा. लोक सरकले, कुणी रुमाल काढला, कुणी पलीकडच्या खिडकीकडे बघू लागलं. म्हातारा दांडीला धरून उभा राहिला.

मास्क कसा घालावा हे अर्ध्या म्हैसूरला शिकवलेल्या गुरुरावांनी आपला मास्क काढला, घडी करून खिशात ठेवला आणि खिडकीकडे सरकून शेजारची जागा मोकळी केली.

‘‘बन्नि, या,’’ ते म्हणाले. ‘‘इथं बसा.’’