अधिक-उणेबाईंचा अर्धा मीटर

बंदराच्या हवामान कचेरीत उपग्रहाच्या रडारवरून लाटा मोजणाऱ्या बाईंना सगळे अधिक-उणेबाई म्हणत, आणि उगाच नाही. आकड्यामागोमाग 'अधिक-उणे' आलंच म्हणून समजा. लग्नाला होकार देतानाही म्हणाल्या होत्या, "पंच्याण्णव टक्के खात्री आहे." उरलेले पाच टक्के कुठे अडकलेत, हे नवरोबा अजून शोधताहेत.

नवे साहेब आले आणि त्यांची नजर थेट बंदरावरच्या फलकावर गेली. "'लाटा दोन मीटर, अधिक-उणे अर्धा'? हे काय? एकच आकडा लिहा."

फेरीबोट हाकणारे बाईंचे सख्खे मामा तोच फलक वाचून समुद्रात शिरत. "साहेब, मामा दोनच्या भरवशावर जातील आणि समोर अडीचची उभी राहील!"

"पाण्यावर तरंगत लाटा मोजणारा बोया बरा एकच आकडा देतो! तो तुमच्या उपग्रहाच्या रडारशी जुळतही नाही. आभाळातून डोकावणाऱ्याचं ऐकू की भिजलेल्याचं?"

"भिजलेलाही थापा मारतो, साहेब."

घरातलं भांडण कळायला सासू, सून, नणंद तिघींना वेगवेगळं गाठावं लागतं, हे शेजारणींना पक्कं ठाऊक असतं. बाईंनी तेच केलं. साक्षीदार तीन: उपग्रह, बोया आणि वाऱ्यावरून लाटा काढणारं संगणकाचं गणित. तिघांचं संगनमत नाही. तेव्हा कोण कोणाशी किती फटकून वागतो, त्यावरून ज्याची त्याची चूक अंदाजता येते. सर्वांत बेभरवशाचा निघाला बोया! होडी पाठवून पाहिलं, तर अंगावर शिंपले आणि शेवाळ इतकं चढलेलं की गडी लाटेबरोबर उठायचाच कंटाळा करत होता.

कचेरी खदखदली. पण त्याच गणितात बाईंचा लाडका उपग्रहही पकडला गेला होता. किनाऱ्याजवळ जमिनीवरून परतलेले रडारचे तरंग मिसळले की तो बाईंच्या अंदाजाहून जास्त चुकत होता. साहेबांच्या हे लक्षातही आलं नव्हतं. बाई उठल्या आणि स्वतःच सांगून आल्या.

"माझा अर्धा मीटर कमी पडतोय, साहेब. पाऊण हवा."

"मी अर्धा काढा म्हणतोय, तर पाऊण मागताय?" साहेबांनी कपाळावर हात मारला आणि खडू पुढे केला. "लिहा बाई, लिहा. नाहीतर उद्या एक मागाल!"

सकाळी मामांनी फलक वाचला. "म्हणजे पावणेतीनही होईल की गं! थांब, आज मोठी बोट काढतो."

घरी नवरोबांनी खडा टाकला, "आणि आमचे पाच टक्के?"

"चारावर आलेत," बाई म्हणाल्या, "अधिक-उणे एक."