म्हातारीसाठी म्हटलं की पातळ पाइप

दर्यापूरच्या घरी भावाने संडासाच्या भिंतीला बसवलेली दांडी मी पहिल्यांदा धरली आणि लगेच सोडली. तळहाताला तांबूस पाणी लागलं होतं. दांडी बुळबुळीत होती. वाकवताना पाइप चेपला होता, आणि चेपलेल्या जागी ज्या चुण्या पडल्या होत्या त्यांत साबण, मळ आणि मायचे दोन-चार पांढरे केस अडकून बसले होते. एक टोक भिंतीत होतं, दुसरं खिडकीच्या गजाला तारेने आवळलेलं. त्या तारेची गंजलेली टोकं बाहेर आली होती. मला शिसारी आली. माझी माय रोज सकाळी हे धरून उठत होती.

उठत होती म्हणणंही खरं नाही. मांडीचं हाड मोडल्यापासून ती वॉकर घेऊन अंगणापर्यंत चालायची, पण संडासात बसलं की उठता येत नव्हतं. धरली की दांडीच लचकायची. मग माय हाक मारायची आणि भावजय आत जाऊन काखेत हात घालून उठवायची. भावजय कधी तोंड वाकडं करत नव्हती. पण मायच्या अंगावर मात्र त्या हाकेने काटा येत असावा. तिने पाणी पिणंच कमी केलं होतं. चहा दिला तर अर्धा परत करायची.

"काहून वं माय, चहा नाही गोड झाला का?"

"गोड हाय. पेलं का जा लागते मंग."

एवढंच बोलली. हिने दुसऱ्यांच्या वावरात दिवसभर वाकून निंदण केलं, तेव्हा मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली. आज अमरावतीच्या शाळेत मी मुलांना विज्ञान शिकवते, ते त्या वाकलेल्या पाठीवर. आणि तीच माय आता पाणी मोजून पीत होती. मला तिला एकटीला जाता-येता यायला हवं होतं, बाकी काही नको होतं.

भावाला विचारलं तर तो दुखावला. "ताई, म्या पाहूनच आणला ना पाइप. लोहचुंबक खिशात घेऊन गेलतो. दांडीले लावला, चिपकला नाही. म्हंजे असली स्टील."

आमच्याकडे स्टील घ्यायला निघालेला माणूस लोहचुंबक नेतोच. लग्नाची भांडी घेतानाही नेतात. चिकटलं नाही की माल खरा, हा आमचा सगळ्यांचा वेद आहे. पण हलक्या प्रतीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, हे दुकानदाराला माहीत असतं आणि आपण चुंबक लावत असताना तो मोठ्या कौतुकाने बघत राहतो. वर आमचा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, नळाची तोटी खाल्ली जाते. त्या पाण्यापुढे तो पातळ पाइप उन्हाळाही टिकला नव्हता.

मी नवीन पाइप आणायचं ठरवलं. अमरावतीच्या दुकानात गेले, तिथे पहिला प्रश्न आला, "मॅडम, कशासाठी पाहिजे?" मी सांगितलं, आईला धरून उठायला.

"मंग अठरा गेज घ्या. हलका, सस्ता, चमकदार."

गेजचा आकडा वाढला की पाइपची जाडी कमी होते. मी जाड मागितला.

"जाड काय करता? फाटक थोडीच करायचं हाय. म्हातारं माणूस, वजन कितीक असन?"

माझ्यामागे उभा असलेला गिऱ्हाईक हसला. त्याला शेताच्या फाटकासाठी पाइप हवा होता. त्याला दुकानदाराने आतून जाड माल काढून दिला, ठोकून आवाज ऐकवला, "बैल धडकला तरी वाकत नाही" म्हणाला. बैलासाठी एवढी काळजी! मी काही न घेता बाहेर आले. रस्त्यावर उभी राहून उसाचा रस मागवला आणि तोही मला गोड लागला नाही.

मायचा एक्स-रे डॉक्टरांना दाखवायला अकोल्याला जायचंच होतं. तिथल्या लोखंड बाजारात पुन्हा तोच प्रश्न. या वेळी दुकानदार वयाने मोठा, बोलायला मऊ. "ताई, बुरा मत मानो, पण अशा कामाले लोक जास्त खर्च करत नाहीत. कितीक दिवस लागणार हाय?"

"कितीक दिवस म्हणजे?"

"म्हंजे... समजून घ्या ना."

समजून घेतलं. किळस आली ती त्या माणसाची नव्हे, तो तर मला मदतच करत होता. किळस आली ती या रीतीची. पाइप कोणत्या जाडीचा घ्यायचा हे धरणाऱ्याच्या वयावरून ठरतं. पाळण्याला चांगला, कपाटाला चांगला, फाटकाला सगळ्यांत चांगला. म्हाताऱ्या माणसाच्या खाटेला, काठीला, दांडीला उरलेला. वर सगळं इतक्या प्रेमाने सांगतात की भांडताही येत नाही.

मी म्हटलं, "मला पाण्याच्या लायनीचा जस्त चढवलेला पाइप द्या. एक इंची, बी क्लास." बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा, हे मी आधी वाचून, विचारून गेले होते. तो पाइप दिसायला राखाडी, पण त्याचा पत्रा जाड आणि मूठ पक्की बसते. दुकानदाराने तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "तो तर विहिरीच्या मोटारीले लावतात."

"तोच द्या."

वाकवायचं काम शेजारच्या शेडमध्ये. तिथल्या मिस्त्रीने पाइप घेतला, गॅसची ज्योत लावली आणि लाल झाल्यावर हातोडा उचलला.

"भाऊ, थांबा! असा चेपन तो."

"चेपला तं चेपला. पुट्टी भरू, वरून चांदी मारली का दिसत नाही."

चांदी म्हणजे चंदेरी रंग. माझ्या डोळ्यांपुढे त्या चुण्या आल्या, त्यातले केस आले. तापवलेल्या जागेवरचं जस्त जळून पिवळट धूर निघत होता. घशाशी गोडसर, धातूची चव आली. मी तो तुकडा तिथेच सोडला, दुकानातून नवीन कापून घेतला आणि पंपाने पाइप वाकवायचं यंत्र कुठे आहे ते विचारत रेल्वे लायनीपलीकडे गेले. तिथल्या माणसाने एक इंची पाइपचा साचा बसवला, दांडा हलवत हळूहळू दाब दिला. पाइप आवाज न करता वळला. वळणावर गोल तो गोलच. मी बोट फिरवून पाहिलं, कुठे चुणी नाही.

"काय, आरसा हाय का तो, मॅडम?" तो म्हणाला. "पाहून राहिल्या तं पाहूनच राहिल्या."

बसने पाइप आणताना कंडक्टरने टोमणा मारला, "बाई, बोअर मारता का?" मी हो म्हटलं.

रविवारी भावाने आणि मी मिळून जुनी दांडी काढली. तारेने त्याच्या अंगठ्याला ओरखडा पडला तेव्हा तो पहिल्यांदा त्या दांडीकडे नीट बघून "छी" म्हणाला. नवीन दांडी दोन्ही टोकांना भिंतीत, सिमेंटमध्ये, लांब बोल्ट घालून. तार वापरलीच नाही. सिमेंट पक्कं व्हायला दिलेले दिवस संपल्यावर मी पुन्हा गेले.

माय आत गेली. आम्ही दोघं बाहेर, एकमेकांकडे न बघता. शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता कुंपणावरून म्हणाली, "एवढा मोटारीचा पाइप लावला म्हणे! बरं हाय, म्हातारीच्या मागून गोठ्याले कामी येते."

इतकी घाण गोष्ट इतक्या सहज, ओलं लुगडं झटकता झटकता कुणी बोलू शकतं, याचंच मला नवल वाटलं.

हाक आली नाही. पाणी टाकल्याचा आवाज आला आणि माय स्वतःच दारात आली, एक हात चौकटीला. तिने शेजारणीचं ऐकलं होतं की नाही, कळलं नाही.

"मजबूत हाय," ती म्हणाली. मग ओट्याकडे हनुवटीने खूण केली. "आता त्या पायऱ्यालेबी एक लाव. मले विहारात जाचं हाय. जाऊन राहिली नाही किती दिसांची."

भाऊ म्हणाला, "पायरीले हलका चालन ना, माय? तू काय रोज उतरणार हायस?"

माय त्याच्याकडे बघत राहिली, जणू त्याच्या अंगाला वास येतोय.

"रोज," ती म्हणाली, आणि वॉकर ओढून घेतला.